शक्तीचं टॉनिक

बाटली तिने खिडकीच्या उजेडात धरली आणि लेबलाच्या कडेच्या, आतल्या पातळीखालच्या रेघा मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या, तरी तीनच.

पाळणाघराच्या दारात सकाळी आठची धांदल उडाली होती. चपलांचा ढीग, पिशव्यांचा ढीग, रडणारी दोन पोरं आणि त्या दोघांकडे बघून रडावं की नाही याचा विचार करणारं तिसरं. काकू एकाला कडेवर घेऊन दुसऱ्याचं नाक पुसत होत्या. साठी उलटलेली बाई, मदतीला फक्त एक नणंद, आणि दोन खोल्यांत चौदा मुलं. त्या दोघी मुलांना वाढवत होत्या की मुलं त्यांना धावायला लावत होती, हे सांगणं कठीण.

"काकू, औषध... टॉनिक सांडलं का हो?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"टॉनिक ना? देते गं बाई, बरोबर बारा वाजता देते. तुझी ठमी तर स्वतःच आ करते," काकू म्हणाल्या आणि नाक पुसून झालेलं पोर पुढे ढकललं. "चल, बस जा तिकडे."

तिने विचारलेलं एक आणि काकूंनी ऐकलेलं भलतंच. पण पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही. टॉनिकच्या बाटलीवर रेघा कोण मारतं? टॉनिक एखादा चमचा कमी झालं म्हणून कोणती आई चौकशी करते? ठमी चार वर्षांची, गोल चेहऱ्याची, आईचा पदर सोडून केव्हाच ठोकळ्यांच्या टोपलीकडे पळाली होती. गुंगी नव्हती, डोळे जड नव्हते. म्हणजे तिला दुप्पट दिलं गेलं नव्हतं. मग दोन चमचे गेले कुठे?

ती टॉवेलच्या कारखान्यात चेकर होती. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि सुटलेला धागा, पडलेलं भोक, तेलाचा डाग दिसला की त्यावर लाल स्टिकर लावायचं, हे तिचं काम. नऊ वर्षांत तिच्या हातून निसटलेला माल परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काकू तिला गमतीने 'चेकरबाई' म्हणायच्या. असली बाई बाटलीवर रेघा मारणारच. दर सोमवारी आठ: सहा दिवसांच्या सहा आणि सांडलवंडीच्या दोन. आज गुरुवार, म्हणजे पाच हव्या होत्या.

बाटली टॉनिकची होती, आतलं टॉनिक नव्हतं. आत ठमीचं फिटचं औषध होतं.

हा उद्योग तिने हौसेने केला नव्हता. ठमीला पहिली फिट आली तेव्हा ती दीड वर्षाची होती. औषध सुरू झालं, फिट कमी झाल्या, पण दिवसातून तीन डोस चुकवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. नवरा लांबच्या ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. पहिल्या पाळणाघरात तिने सगळं खरं सांगितलं. तिथल्या बाई फार गोड हसल्या आणि म्हणाल्या, "जागा भरल्यात हो." तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईच्या मुलाला मात्र जागा मिळाली. दुसरीकडे तिने सांगितलं नाही. अकराव्या दिवशी ठमीला फिट आली आणि त्याच दिवशी ठमीची पिशवी दाराबाहेर आली. तिसरं एक होतं, काचेच्या इमारतीत, तिथे नर्ससुद्धा होती. पण तिथली महिन्याची फी तिच्या पगाराएवढी. म्हणजे मूल सांभाळायला देता यावं म्हणून नोकरी करायची आणि नोकरी करता यावी म्हणून मूल सांभाळायला द्यायचं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तिची आई फोनवर म्हणाली होती. "सांगून काय मिळालं तुला? गप्प बस."

काकूंच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता: 'मुलाला काही आजार, फिट, दम किंवा इतर त्रास आहे का?' तिने लिहिलं, 'नाही'. लिहिताना अक्षर चांगलं आलं, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं. आणि बाटली देताना म्हणाली, "अशक्त आहे हो जरा. शक्तीचं टॉनिक आहे, दुपारी एक चमचा."

काकूंनी ठमीच्या गुबगुबीत गालांकडे बघितलं होतं. "ही अशक्त? मग आमच्या पैलवानाला काय म्हणायचं?"

पैलवान म्हणजे दोन वर्षांचा एक मुलगा. काडीपैलवानातली काडी काकूंनी मायेने गाळली होती एवढंच. हातपाय काटकुळे, ओठ नेहमी जरा निळसर, चार पावलं चालला की खाली बसायचा. त्याची आई एका मोठ्या दुकानाच्या दारावर सिक्युरिटी गार्ड होती; पोराला सोडायला यायची ती खाकी कपड्यात आणि गळ्यात शिट्टी अडकवून.

त्या सकाळी टेबलावर कापड सरकत राहिलं. तिचे डोळे कापडावर होते आणि जीव टांगणीला. साडेबाराला जेवणाचा भोंगा झाला तशी ती डबा तसाच ठेवून लॉकरकडे धावली. कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये, असा कारखान्याचा नियम. तिने काकूंना फोन लावला.

"बोल गं चेकरबाई. ठमी जेवली, टॉनिक घेतलं, आता झोपवतेय." काकूंचा आवाज नेहमीसारखा गरम आणि घाईतला. "आणि ऐक, बाटली संपली. उद्या नवी आण."

"संपली? अहो, तीन चमचे होते."

"एक ठमीला, दोन पैलवानाला."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्या पोरीला बघून म्हटलं, टॉनिकला गुण आहे. परवापासून त्यालाही एकेक चमचा देतेय. रागावू नकोस, पैसे मी देईन. पण त्याला एक चमचा काही लागू पडेना बघ. उलट दोन दिवस मरगळलाय नुसता, बसल्या बसल्या पेंगतोय. म्हटलं, डोस कमी पडतोय. आज दोन दिले."

हसण्यासारखी गोष्ट होती. दुसऱ्या कुणाची असती तर तीही हसली असती. औषधाने पोर पेंगत होतं आणि ते पेंगतं म्हणून काकू औषध वाढवत होत्या. या बाईच्या मायेला तोड नव्हती.

"काकू, त्याला देऊ नका." "ते... वजनाप्रमाणे द्यायचं असतं."

"टॉनिकला कसलं आलंय वजन!"

"नाही म्हणजे, त्यात साखर असते. लहान मुलांना बाधते."

"बरं बाई, नाही देणार. संपलंच आहे. ठेवते, इकडे एकाने शी केली."

फोन बंद झाला. ती लॉकरच्या पत्र्याला टेकून उभी राहिली. आता सांगितलं नाही, तर संपलं. संपलं म्हणजे निभावलं. पोर झोपेल, चार वाजता उठेल, उद्या ती म्हणेल की टॉनिक बंद केलंय, गोळी सुरू केलीय, काहीतरी. ठमीची जागा राहील. नोकरी राहील. आणि सांगितलं, तर आजच संध्याकाळी ठमीची पिशवी दाराबाहेर. चौथं पाळणाघर तिने शोधून ठेवलेलं नव्हतं, कारण चौथं नव्हतंच.

एक वाजता भोंगा झाला. तिने फोन लॉकरमध्ये ठेवला, कुलूप लावलं आणि टेबलावर जाऊन उभी राहिली.

कापड सरकू लागलं. पांढरं, पांढरं, पांढरं. ओठ निळसर का असतात त्याचे? दोन चमचे. ठमीचं वजन सोळा किलो, त्याचं नऊ तरी असेल का? एक भोक दिव्यावरून सरळ पुढे गेलं, स्टिकर तिच्या बोटाला चिकटलेलंच राहिलं. मग एक लांबलचक सुटलेला धागा गेला. समोरच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगं, झोपलीस काय?"

झोपलीस काय, हे शब्द ऐकले आणि तिने कापडावरचा हात उचलला. ठमीला पहिल्यांदा औषध दिलं त्या दिवशी ती पाच तास उठली नव्हती. तेव्हा डॉक्टरांना चार वेळा फोन करणारी हीच होती. आणि आज दुसरीचं पोर झोपलंय तर ही टॉवेल बघतेय. आपण कसल्या बाई आहोत, असं तिला वाटलं, आणि स्वतःचीच भीती वाटली.

ती टेबल चालू सोडून निघाली. सुपरवायझरने हाक मारली. "कुठे निघालात? लाइन थांबेल!"

"थांबू दे," ती म्हणाली. नऊ वर्षांत तिने त्याला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

लॉकरचं कुलूप दोनदा निसटलं. घड्याळात एक वीस झाले होते.

"काकू, ते टॉनिक नाहीये. फिटचं औषध आहे. ठमीला फिट येतात. मी तुमच्याशी खोटं बोलले." सगळं एका दमात. "पैलवान काय करतोय?"

तिकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "झोपलाय."

"उठवून बघा. आत्ता. मला ऐकू दे."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. काकूंची पावलं ऐकू आली, चटईची सळसळ ऐकू आली. मग हाका. "पैलवाना... ए पैलवाना. ऊठ रे राजा. बघ, कोण आलंय. ऊठ." गालावर मारलेल्या हलक्या चापटीचा आवाज. "ए बाळा." आणि मग एकदम म्हाताऱ्या झालेल्या आवाजात, "डोळे नाही गं उघडत हा."

"श्वास आहे? काकू, श्वास आहे का?"

"आहे. आहे. हळू आहे."

"उचला आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न्या. बाटली घेऊन जा. नको, बाटली नको, तिच्यावर खोटं लिहिलंय. औषधाचं खरं नाव मी सांगते. मी येतेच आहे."

कारखान्यापासून दवाखाना दीड किलोमीटर. ती धावली. बोटाला चिकटलेलं लाल स्टिकर तिथे पोचेपर्यंत तसंच होतं.

दवाखान्याच्या आतल्या खोलीत पैलवान उंच खाटेवर पडला होता. एवढ्या मोठ्या खाटेवर तो आणखीच बारीक दिसत होता. तिने डॉक्टरीणबाईंना औषधाचं नाव सांगितलं, किती दिलं ते सांगितलं, किती दिवस तेही सांगितलं. बाकीची मुलं नणंदेवर सोपवून आलेल्या काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात गार्डबाई आली, खाकी कपडे घामाने काळे पडलेले.

"काय पाजलंत माझ्या पोराला?" तिने काकूंना विचारलं.

"मी," चेकर म्हणाली. "माझ्या मुलीचं औषध. मी टॉनिक म्हणून दिलं होतं यांच्याकडे. यांना माहीत नव्हतं."

गार्डबाई तिच्यापुढे येऊन उभी राहिली. दुकानाच्या दारात चोराला अडवावं तशी. "तुझं पोर पोर, आणि माझं काय कचरा? त्याला काही झालं म्हणजे?"

मान खाली घालून ती उभी राहिली. मारलं असतं तरी तिने हात वर केला नसता.

"भांडण बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आई कोण? याला आधी काही त्रास आहे?"

"नाही," गार्डबाई म्हणाली.

चेकरने मान वर केली. त्या 'नाही'मध्ये काहीतरी होतं. फार पटकन आलं होतं ते, फार नीटनेटकं. असलं 'नाही' तिने स्वतःच्या अक्षरात पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पैलवानाच्या छातीवर नळी ठेवली. एका जागी बराच वेळ ठेवली, सरकवली, पुन्हा तिथेच आणली. "बाई, मी पुन्हा विचारते. याला काही आहे का? मला माहीत असायला हवं. आत्ता."

गार्डबाईने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "हृदयाला भोक आहे," ती म्हणाली. "जन्मापासून." आणि मग काकूंकडे न बघता, "सांगितलं असतं तर ठेवलं असतं तुम्ही?"

गार्डबाईचा राग कुठे गेला, ते तिलाही कळलं नसावं. काकू भिंतीला टेकल्या टेकल्या खाली घसरून फरशीवर बसल्या.

"म्हणजे मी एकटीच," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं चौदा पोरं सांभाळतेय आणि मलाच काही माहीत नाही. अगं, हातात जीव देता आणि सांगत नाही काय देताय ते?"

चेकर त्यांच्याजवळ गेली, पण काकूंनी हाताने थांबवलं.

पैलवानाला सलाइन लावलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल का, हे तासाभराने ठरवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो तास तिघींनी एकाच बाकावर काढला. खाटेवरच्या काटकुळ्या छातीकडे तिघी बघत होत्या. ती वर गेली की तिघींचा श्वास सुटायचा, खाली गेली की अडकायचा. तीनच्या सुमारास पैलवानाने एक डोळा उघडला, खोलीभर फिरवला आणि भोकाड पसरलं. पोराच्या रडण्याने इतका आनंद होतो, हे पाळणाघर चालवणाऱ्या बाईलाही त्या दिवशीच कळलं असेल. मोठ्या हॉस्पिटलाची आता गरज नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा काकू पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

"बोलावणं आलं तरच आणा ठमीला," निघताना त्या एवढंच म्हणाल्या.

बोलावणं दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला आलं. "पोरीला घेऊन ये. मुलं यायच्या आत ये."

पिशवी न्यायला बोलावलंय, हे तिने गृहीत धरलं. ठमीचं पांघरूण आणि एक जास्तीचा फ्रॉक तिथे होता. रस्त्याने ती ठमीला म्हणाली, "काकूंना टाटा करायचा हं." ठमी म्हणाली, "का?" तिने ठमीचा हात धरून भराभर पावलं उचलली.

आत गार्डबाई आधीच येऊन बसली होती. पैलवान तिच्या मांडीवर, तोंडात तिची शिट्टी. काकूंच्या पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा होता. रात्री झोपल्या नसाव्यात. डोळे सुजले होते.

"चौदा फॉर्म आहेत," काकू म्हणाल्या. "चौदाही ठिकाणी 'नाही'. मला एवढी निरोगी पोरं एकदम मिळालीच कशी, हे मला आधी कळायला हवं होतं. हा प्रश्न मीच छापून घेतला, मुलं नाकारायला. मला भीती वाटते गं आजारी पोरांची. अजून वाटते." त्यांनी ठमीचा फॉर्म पुढे सरकवला, पेन दिलं. "आता खरं लिही. लिहिलंस म्हणून ठेवीनच असं नाही म्हणत. महिनाभर बघते. पण न लिहिणाऱ्याला आजपासून दार बंद."

तिने 'नाही'वर काट मारली. अक्षर वेडंवाकडं आलं. औषधाचं नाव, वेळ, शेवटची फिट कधी आली, सगळं लिहिलं. फॉर्मवर जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. मग तिने पेन गार्डबाईला दिलं. गार्डबाईने पैलवानाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि ती लिहू लागली.

काकूंनी वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. "हे वाचून मला काय कळणार? फिट आली तर करायचं काय? तोंडात चमचा घालायचा ना?"

"नाही. चमचा अजिबात नाही. तोंडात काहीच नाही. घट्ट धरून पण ठेवायचं नाही."

"मग?"

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ. आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना."

"असं बोलून नाही समजत मला," काकू म्हणाल्या. "दाखव."

ती पदर खोचून चटईवर उताणी झाली. काकू गुडघे धरत धरत तिच्याशेजारी बसल्या. गार्डबाईने मनगट वर करून घड्याळात डोळे घातले.

"आई झोपली!" ठमी टाळ्या वाजवत म्हणाली. स्वतःची फिट तिने कधी बघितली नव्हती. पैलवानाने शिट्टीत फुंकर मारायचा प्रयत्न केला; आवाज आला नाही, नुसती लाळ आली.

"एक मिनिट झालं," गार्डबाई म्हणाली.

काकूंनी तिच्या खांद्याला धरलं, जरा जोर लावला आणि तिला कुशीवर वळवलं. डोक्याखाली घालायला जवळपास काही दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःचा तळहात घातला. खरखरीत, ऊन हात. तिच्या डोक्याखाली असा हात कुणी घातल्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना. तिने डोळे मिटून घेतले.

"बरोबर आहे का गं?" काकूंनी विचारलं.

तिने मान हलवली.

"दोन मिनिटं," गार्डबाई म्हणाली.

कारखान्याचा पहिला भोंगा झाला.

"ऊठ, उशीर होईल तुला," काकू म्हणाल्या. पण हात काढला नाही.